मापात न बसणारी आई

१९ जानेवारी १८४७ या दिवशी एडिंबरोत डॉ. जेम्स यंग सिम्प्सन यांनी बाळंतवेणा सुरू असलेल्या एका स्त्रीला ईथर हुंगवले. बॉस्टनच्या रुग्णालयात विल्यम मॉर्टन यांनी ईथरचे जाहीर प्रात्यक्षिक दाखवले, त्याला तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते. आधुनिक वैद्यकात बाळंतिणीला भूल देण्याचा इतिहास या तारखेपासून सुरू होतो. पाठ्यपुस्तकांत ही तारीख असते, सिम्प्सन असतात, ईथर असते. त्या स्त्रीबद्दल मात्र एखादेच वाक्य असते. तिची श्रोणी, म्हणजे कमरेच्या हाडांचे कडे, वेडेवाकडे आणि अरुंद होते. मूल त्यातून सुखरूप बाहेर येण्याची आशा नव्हती. सिम्प्सन यांनी ते पोटातच वळवून पायांकडून बाहेर काढले. बाई बचावली. मूल वाचले नाही.

मी भूलतज्ज्ञ आहे. कामाची बहुतेक वर्षे नवी मुंबईत, वाशी ते पनवेल या पट्ट्यातल्या लहानमोठ्या रुग्णालयांत गेली. आपल्या विद्येचा इतिहास वाचण्याचा नाद पुढे लागला आणि वाचता वाचता लक्षात आले, की एडिंबरोची ती बाई एकटी नाही. बाळंतपणातली भूल आणि सिझेरियन शस्त्रक्रिया या दोन्हींच्या इतिहासात जिथे जिथे रस्ता वळला, तिथे तिथे अशीच एखादी ठेंगणी किंवा हाडांनी वाकलेली स्त्री टेबलावर आहे. १८७६ मध्ये इटलीत आहे, १८८८ मध्ये स्कॉटलंडमध्ये आहे. तिला वाचवण्याच्या धडपडीतून जी विद्या तयार झाली, तिचा लाभ पुढे कोट्यवधी सरासरी बांध्याच्या स्त्रियांना मिळाला. आणि त्याच विद्येची कोष्टके तयार झाली, तेव्हा ही स्त्री त्यांतून गळून पडली. आज ती आमच्याकडे येते तेव्हा तिच्या मापाचा आकडा कोणत्याही पुस्तकात सापडत नाही. हे असे कसे झाले, याचा शोध म्हणजे हा लेख.

नावांचा घोळ

आधी शब्दांचे बघू. मराठीत ठेंगणेपणाला शब्द पुष्कळ आहेत, पण त्यांतले बहुतेक हिणवणारे. बुटकी, ठेंगू, गिड्डी. ‘वामनमूर्ती’ हा त्यातल्या त्यात सभ्य, तरी त्यातही मिस्कीलपणा आहेच. वामन हा अवतार, म्हणून हे नाव घरोघरी मुलांना ठेवले गेले. त्याचे स्त्रीलिंगी रूप मात्र कधी कुणी मुलीला ठेवल्याचे ऐकिवात नाही. सरकारी मराठीत कुठे ‘बुटकेपणा’ येतो, तर कुठे ‘वाढ खुंटणे’. केसपेपरवर आम्ही सरळ ‘ड्वार्फ’ लिहून मोकळे होतो.

जुन्या युरोपीय नोंदींतही असाच घोळ आहे. एकोणिसाव्या शतकातले डॉक्टर ज्यांना ‘ड्वार्फ’ म्हणतात, त्यांतल्या बहुतेक स्त्रिया मुडदूस झालेल्या होत्या. कारखान्यांच्या धुराने झाकोळलेली शहरे, दाटीवाटीच्या चाळी, पोटाला अपुरे अन्न आणि अंगाला ऊन नाही, यामुळे लहानपणीच हाडे मऊ पडून वाकायची. पाय धनुष्यासारखे व्हायचे, उंची खुंटायची आणि मुलीच्या बाबतीत कमरेचे कडे चेपले जायचे. त्या चेपलेल्या कड्याचा हिशेब पहिल्या बाळंतपणात चुकवावा लागे. ड जीवनसत्त्वाचा शोध लागला १९२० च्या दशकात, म्हणजे त्यानंतर बऱ्याच वर्षांनी.

आपल्याकडेही हे चित्र होते. डॉ. कॅथलीन व्हॉन या श्रीनगरमध्ये काम करणाऱ्या इंग्रज डॉक्टरबाईंनी १९२८ मध्ये पडदापद्धती आणि मातृत्व या विषयावर पुस्तक लिहिले. पडद्यात, उन्हाविना राहणाऱ्या स्त्रियांची हाडे मऊ होतात, श्रोणी आकसते आणि बाळंतपण जिवावर बेतते, हे त्यांनी मांडले. शेतात, नावेत उघड्यावर राबणाऱ्या गरीब बायका मोकळ्या होतात आणि हवेलीतल्या बायका अडतात, ही त्यांची नोंद आजही वाचताना थबकायला होते.

जन्मजात ठेंगणेपणा ही वेगळी गोष्ट. त्यातला सर्वांत नेहमीचा प्रकार म्हणजे अकॉन्ड्रोप्लाझिया. हा शब्द १८७८ मध्ये फ्रेंच डॉक्टर ज्यूल्स पॅरो यांनी वापरात आणला. यात धड साधारण सरासरीइतके, पण हातपाय आखूड. कपाळ मोठे, नाकाचा दांडा बसका, बुद्धी अगदी इतरांसारखी. साधारण पंचवीस हजार जन्मांत एक असे याचे प्रमाण मानतात. १९९४ मध्ये याचे कारण असलेले जनुक सापडले. दहातल्या आठ बाळांचे आईवडील सरासरी उंचीचेच असतात. जनुकातला बदल त्या बाळात नव्याने झालेला असतो. मात्र अशी मुलगी पुढे आई झाली आणि बाळाचे वडील सरासरी उंचीचे असले, तर बाळात तो बदल येण्याची शक्यता निम्मी.

मुडदूस असो की अकॉन्ड्रोप्लाझिया, बाळंतपणात प्रश्न एकच उभा राहतो. कमरेचे कडे लहान आणि त्यातून यायचे डोके मोठे. म्हणूनच जुन्या नोंदींतल्या त्या स्त्रिया आणि आज आमच्याकडे येणारी स्त्री यांचे आजार वेगळे असले, तरी त्यांना एकाच इतिहासात बसवता येते.

पाविआ आणि ग्लासगो

सिझेरियन हा शब्द ज्युलियस सीझरशी जोडला जातो, पण सीझरचा जन्म तसा झालेला नसावा. त्याची आई ऑरेलिया तो मोठा होईपर्यंत हयात होती, आणि प्राचीन रोममध्ये आई मेल्यावरच पोट चिरत. जिवंत आईचे पोट चिरून ती वाचवायची, ही कल्पना प्रत्यक्षात येईपर्यंत एकोणिसावे शतक सरत आले. १७८७ ते १८७६ या काळात पॅरिस शहरात सिझेरियन होऊन एकही स्त्री जगली नसावी, असा अंदाज इतिहासकारांनी दिला आहे. रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग ही दोन कारणे. चिरलेले गर्भाशय डॉक्टर शिवतच नसत. ते आपोआप आकसून मिटेल, अशी समजूत होती.

त्यामुळे अडलेल्या बाळंतिणीसाठी दुसरा, फार क्रूर मार्ग सर्रास वापरत. पोटातल्या मुलाचे डोके फोडून ते तुकड्यांनी काढायचे. आई वाचावी म्हणून मूल द्यायचे. अरुंद श्रोणीच्या बाईला दर बाळंतपणात हेच सोसावे लागे. आणि श्रोणी फारच अरुंद असली, तर हाही मार्ग बंद.

२१ मे १८७६ रोजी इटलीतल्या पाविआ शहरात एदोआर्दो पोर्रो यांच्यासमोर अशीच स्त्री होती. ज्युलिया कावाल्लिनी, वय २५, पहिलटकरीण, मुडदुसाने खुरटलेली. पोर्रो यांनी तिला क्लोरोफॉर्म दिले, पोट उघडून जिवंत मुलगी बाहेर काढली आणि मग गर्भाशयच कापून टाकले. न शिवलेल्या गर्भाशयातून आई दगावते, तर ते ठेवायचेच नाही, हा त्यांचा विचार होता. ज्युलिया जगली. तिला पुन्हा मूल होणार नव्हते, पण ती आणि तिची मुलगी दोघी जगल्या आणि सिझेरियननंतर बाई मरतेच, हा समज मोडला.

पुढचे पाऊल जर्मनीत पडले. १८८२ मध्ये मॅक्स झेंगर यांनी गर्भाशय काढण्याऐवजी ते नीट शिवण्याची पद्धत मांडली. तिची खरी परीक्षा झाली ग्लासगोत. मुडदुसाचे शहर म्हणून ग्लासगोची कुप्रसिद्धी होती. तिथल्या प्रसूती रुग्णालयात १० एप्रिल १८८८ रोजी मर्डोक कॅमेरॉन यांनी कॅथरिन कोल्हून या २७ वर्षांच्या, मुडदुसाने अतिशय ठेंगणी राहिलेल्या स्त्रीचे सिझेरियन केले. निर्जंतुकीकरण, भूल, गर्भाशयाला रेशमी टाके. आई आणि मुलगा दोघेही वाचले. मुलाचे नाव ठेवले सीझर कॅमेरॉन. त्यानंतर कॅमेरॉन यांनी अशा अनेक स्त्रियांवर शस्त्रक्रिया केल्या. बाळांना मांडीवर घेऊन बसलेल्या त्या ठेंगण्या आयांचे त्या काळचे छायाचित्र आजही इतिहासाच्या पुस्तकांत छापतात. आज आपल्या गल्लीतल्या प्रसूतिगृहात ‘सिझर झाले, दोघे सुखरूप’ असे सहज म्हटले जाते. त्या वाक्यामागे पाविआ आणि ग्लासगोच्या या दोन खुरटलेल्या स्त्रिया उभ्या आहेत.

आपल्या गर्भवतींच्या कार्डावर उंचीचा रकाना असतो. उंची १४० सेंटिमीटरहून कमी असेल, तर ती गर्भवती जोखमीची धरतात. आशाताई भिंतीला टेप लावून उंची मोजतात, तेव्हा तो त्याच इतिहासाचा धागा असतो.

मात्रेचा प्रश्न

शस्त्रक्रियेची गोष्ट अशी पुढे गेली. भुलीची गोष्ट थोडी वेगळ्या वाटेने गेली.

सिम्प्सन यांनी १८४७ च्या नोव्हेंबरात ईथर सोडून क्लोरोफॉर्म धरले. ते वापरायला सोपे होते, वासाला बरे होते. रुमालावर थेंब टाकायचे आणि नाकाशी धरायचे. बाळंतवेणा ही ईश्वराची शिक्षा, ती टाळणे पाप, असा धार्मिक आक्षेप आला. त्याला सिम्प्सन यांनी बायबलमधूनच उत्तर दिले : आदमची बरगडी काढताना देवाने त्याला आधी गाढ झोप आणली होती. ७ एप्रिल १८५३ रोजी राणी व्हिक्टोरियाने राजपुत्र लिओपोल्डच्या जन्मावेळी जॉन स्नो यांच्याकडून क्लोरोफॉर्म घेतले आणि तो वाद बराचसा निवळला.

पण खरा प्रश्न मात्रेचा होता. २८ जानेवारी १८४८ रोजी इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचे नख काढण्यासाठी दिलेल्या क्लोरोफॉर्मने दगावली. किती दिले म्हणजे पुरेसे आणि किती दिले म्हणजे जास्त, हे मोजण्याचा ध्यास स्नो यांनी घेतला. हवेत औषधाची वाफ किती टक्के असावी, याचा हिशेब करून त्यांनी उपकरणे बनवली. आधुनिक भूलशास्त्राचा पाया तिथे पडला.

हा वाद आपल्या दाराशीही आला होता. १८८८ आणि १८८९ मध्ये हैदराबादेत, निजामाच्या खर्चाने, क्लोरोफॉर्मच्या सुरक्षिततेवर दोन आयोग बसले. मराठवाडा त्या वेळी याच राज्यात होता. रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी यांचे मत होते, की श्वासावर लक्ष ठेवा, हृदयाची काळजी नको. पुढे क्लोरोफॉर्म थेट हृदय बंद पाडू शकते, हे सिद्ध झाले आणि त्यांचा निष्कर्ष टिकला नाही. ‘श्वासावर लक्ष ठेवा’ हा अर्धा धडा मात्र टिकला. याच लॉरींच्या हाताखाली डॉ. रूपाबाई फर्दूनजी शिकल्या. १८८९ मध्ये पदवी घेऊन त्या हैदराबादच्या रुग्णालयांत क्लोरोफॉर्म देऊ लागल्या. जगातली पहिली स्त्री भूलतज्ज्ञ म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. त्यांच्या काळी भूल देणे म्हणजे रुग्णाच्या उशाशी बसणे होते. थेंब टाकायचा, श्वास बघायचा, डोळ्याची बाहुली बघायची, मग पुढचा थेंब. औषधाची मात्रा ज्या त्या माणसाकडे बघून ठरे. ठेंगणी बाई असो की धिप्पाड, रीत एकच होती.

विसाव्या शतकात ती रीत बदलली. १८९८ मध्ये जर्मनीत ऑगस्ट बीअर यांनी पाठीच्या कण्यात सुई घालून शरीराचा खालचा भाग बधिर करून दाखवला. १९०० मध्ये बाझेलच्या ऑस्कर क्राइस यांनी बाळंतिणींवर ती रीत वापरली. सिझेरियनसाठी ती सर्वमान्य व्हायला मात्र बराच काळ गेला. तोपर्यंत पूर्ण भूलच चाले आणि तिचा एक मोठा धोका होता. १९४६ मध्ये कर्टिस मेंडेल्सन यांनी न्यूयॉर्कच्या एका प्रसूती रुग्णालयातल्या ४४,०१६ गर्भवतींची माहिती मांडली. त्यांतल्या ६६ जणींच्या बाबतीत भुलीत असताना पोटातले अन्न किंवा आम्ल उलटून फुप्फुसात गेले होते. गरोदरपणी जठर वर ढकललेले असते, म्हणून हे घडते. सिझरच्या आधी पाण्याचा घोटही का देत नाहीत, असे नातेवाईक चिडून विचारतात, त्याचे उत्तर या ६६ जणींत आहे.

तेव्हापासून शक्यतो बाई जागी ठेवायची आणि पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करायचा, ही रीत रुळली. आज आपल्याकडची बहुतेक सिझर अशीच होतात. त्या इंजेक्शनची मात्रा आमच्या तोंडी बसलेली असते : ‘दोन सीसी हेवी’. बाई थोडी उंच असेल तर किंचित जास्त, थोडी बुटकी असेल तर किंचित कमी. हजारो, लाखो स्त्रियांच्या अनुभवातून हा आकडा आला आहे आणि त्याने असंख्य जीव वाचवले आहेत. पण तो आकडा ज्या पाठीवरून आला, ती पाठ सरासरी स्त्रीची होती.

दोन वाटा, दोन्ही अवघड

साडेतीन फूट उंचीची, अकॉन्ड्रोप्लाझिया असलेली स्त्री गरोदर राहते, तेव्हा तिच्या शरीरात काय होते ते आधी समजून घ्यावे लागते. मूल बहुधा नेहमीच्या आकाराचे वाढते. श्रोणी लहान, म्हणून गर्भाशय लवकरच वर पोटात सरकते. तिथे ते छातीच्या पडद्याला भिडते. बरगड्यांचा पिंजरा आधीच लहान. सातव्या-आठव्या महिन्यात ती जिना चढताना थांबते, उताणी झोपू शकत नाही. उताणी झोपवली, तर गर्भाशयाच्या भाराने मोठी शीर दबून तिचा रक्तदाब कोसळतो. हे सगळ्याच गर्भवतींत थोडेफार होते, हिच्यात जास्त. म्हणून उजव्या कुशीखाली उशी सारून तिला डावीकडे कलती ठेवायची.

आता भूल. वाटा दोन आहेत : गळा आणि पाठ.

पूर्ण भूल द्यायची, तर श्वासनलिकेत नळी घालावी लागते. त्यासाठी मान मागे वाकवतात. हिच्या कवटीच्या तळाचे भोक, जिथून मेंदूचा देठ मणक्यात उतरतो, ते जन्मतःच अरुंद असू शकते. मान जोरात मागे नेली, तर त्या देठावरच दाब येऊ शकतो. काही वेगळ्या प्रकारच्या ठेंगणेपणात मानेचे वरचे मणके एकमेकांवर सैल असतात, तिथे धोका आणखी मोठा. शिवाय जीभ मोठी, नाकाचा मार्ग बारीक, नळीही नेहमीपेक्षा लहान लागते. गरोदरपणाने घसा आधीच सुजरा असतो. छातीत प्राणवायूचा साठा कमी, म्हणजे नळी घालायला वेळ लागला, तर हाताशी फार क्षण नसतात. आणि पोटातले उलटून येण्याचा मेंडेल्सन यांनी दाखवलेला धोका आहेच. मूळचे आंध्रचे डॉ. शेषगिरी राव मल्लंपती यांनी अमेरिकेत १९८५ मध्ये एक साधी तपासणी मांडली. रुग्णाला समोर बसवून तोंड उघडायला आणि जीभ बाहेर काढायला सांगायचे; घशाचा किती भाग दिसतो, यावरून नळी घालणे किती अवघड जाईल याचा अदमास येतो. आज जगभर ती वापरतात. पण तीही बेतलेली आहे सरासरी चेहऱ्यावर. हिच्या बाबतीत ती पुरेशी ठरेलच असे नाही.

मग पाठ. सरासरी माणसाच्या कमरेत मणक्यांमधली पोकळी खाली जाताना रुंदावते. अकॉन्ड्रोप्लाझियात ती उलट अरुंद होत जाते. पाठीला वर बाक, खाली खोल खळगा. बोटाने मणक्यांमधली जागा चाचपडून सापडत नाही. सुई आत गेली, तरी पाणी ठिबकत ठिबकत येते किंवा येतच नाही. आणि औषध सोडल्यावर ते किती वर चढेल, याचा भरवसा नसतो. अरुंद नळीत थोडेसे औषधही खूप वर जाते आणि बधिरता छातीपर्यंत पोचून श्वास अडू शकतो. त्या भीतीने मात्रा फारच कमी केली, तर पोट चिरताना तिला वेदना होऊ शकतात. दोन्ही प्रकारचे अनुभव भूलतज्ज्ञांनी लिहून ठेवले आहेत.

रक्तदाब मोजायची साधी पट्टी घ्या. तिच्या आखूड दंडाला मोठ्यांची पट्टी बसत नाही. चुकीच्या मापाची पट्टी चुकीचा आकडा दाखवते आणि आम्ही औषधे त्या आकड्यावर देतो.

यावर उपाय आहेत आणि गंमत अशी, की ते पुन्हा रूपाबाईंच्या रीतीकडे नेतात. पाठीत बारीक नळी ठेवायची, पहिल्यांदा अगदी थोडे औषध द्यायचे, बधिरता कुठवर आली ते बर्फाने किंवा टाचणीने बघायचे, मग आणखी थोडे. सोनोग्राफीने मणक्यांमधली जागा आधी शोधून ठेवायची. मानेच्या आणि कमरेच्या प्रतिमा आधी काढून ठेवायच्या. गळ्याची वाट लागलीच, तर दुर्बिणीने, घाई न करता जाता येईल, अशी तयारी ठेवायची. जोडीला दुसरा अनुभवी भूलतज्ज्ञ हवा. एका सिझरसाठी एवढे सगळे, असे कुणाला वाटेल. पण कोष्टक नसले, की माणसाकडे बघावे लागते आणि त्याला वेळ लागतो.

एकेका बाईचा कागद

अशा स्त्रियांसाठी मोठा अभ्यास होत नाही. संख्याच कमी. मग ज्ञान साठते ते एकेका रुग्णाच्या वृत्तांतातून. १९७५ मध्ये कॅनडातल्या भूलतज्ज्ञांच्या नियतकालिकात ठेंगण्या रुग्णांच्या भुलीवर स्वतंत्र लेख आला. १९८० मध्ये शीला कोहेन यांनी अकॉन्ड्रोप्लाझिया असलेल्या स्त्रियांच्या सिझेरियनवर लिहिले. त्यानंतर भारतासह अनेक देशांतून एक-एक, दोन-दोन रुग्णांचे वृत्तांत येत राहिले. प्रत्येकात वय, उंची, वजन, औषध किती दिले, बधिरता कुठवर आली, बाळ रडले का. कुणी पाठीची वाट घेतली, कुणी गळ्याची. दोन्ही वाटांनी माया-लेकरे सुखरूप घरी गेलेली आहेत. कोणती एकच वाट बरोबर, असे हे कागद सांगत नाहीत. आधीपासून ठरवून, दुसरी वाट तयार ठेवून गेलेले बहुधा सुखरूप पोचतात, इतके ते सांगतात.

या कागदांत रुग्णाचे नाव नसते. तिच्या खासगीपणासाठी ते योग्यच आहे. पण वाचताना मला ज्युलिया आणि कॅथरिन आठवतात. त्यांची नावे इतिहासात राहिली आणि त्यांना विचारले किती होते, कुणास ठाऊक. आजच्या बाईचे नाव कुठे राहणार नाही. निदान तिला विचारले तरी गेले पाहिजे.

कारण आमच्या दवाखान्यांत घडते ते असे : बोलणे तिच्याशी होत नाही. ती समोर स्टुलावर बसलेली असते आणि डॉक्टर बोलतात तिच्या नवऱ्याशी, सासूशी, आईशी. उंचीवरून वय ठरते. तीस वर्षांच्या, नोकरी करणाऱ्या बाईला ‘बाळ, घाबरू नकोस हं’ असे म्हटले जाते. ‘अहो ताई’ म्हणून सरळ तिला विचारावे, ‘रात्री घोरता का, हात-पायांना मुंग्या येतात का, कधी मान अवघडते का, किती उशा घेऊन झोपता’, हे कुणाला सुचत नाही. आणि नेमकी हीच उत्तरे भूलतज्ज्ञाला हवी असतात. मेंदूच्या देठावर दाब आहे का, मणक्यात नस दबते आहे का, याची पहिली खूण त्या उत्तरांत असते. आपले शरीर तिने आयुष्यभर सांभाळलेले असते. त्याची तिच्याइतकी माहिती दुसऱ्या कुणाकडे नसते.

आपल्या शहरापुरते

सिडकोची स्थापना १९७० ची. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना मांडली आणि नोड आखून हे शहर उभे राहिले. आज इथे नेरुळचे डी. वाय. पाटील, कामोठ्याचे एमजीएम अशी वैद्यकीय महाविद्यालये आहेत, महापालिकेची रुग्णालये आहेत आणि त्यांच्या जोडीला प्रत्येक सेक्टरमध्ये पहिल्या मजल्यावरची दहा-बारा खाटांची प्रसूतिगृहे. या लहान प्रसूतिगृहांत भूलतज्ज्ञ कायमचा नसतो. रात्री फोन येतो, ‘मॅडम, सिझर आहे, किती वेळात पोचाल?’ आणि आम्ही आपली पेटी घेऊन निघतो. सरासरी बाईसाठी ही व्यवस्था चालून जाते. हिच्यासाठी ती चालत नाही. हिला रात्रीच्या फोनवर भेटायचे नसते.

तिला भूलतज्ज्ञाने चौथ्या-पाचव्या महिन्यात भेटले पाहिजे. तेव्हा पोट फार वाढलेले नसते, तपासण्या निवांत होतात आणि बोलायला वेळ असतो. बाळंतपण कुठे करायचे, हे तेव्हाच ठरले पाहिजे. जिथे मोठ्यांचा आणि नवजातांचा असे दोन्ही अतिदक्षता विभाग असतील, रक्तपेढी हाताशी असेल आणि दोन भूलतज्ज्ञ असतील, तिथेच. नववा महिना पुरा होण्याआधीच कळा सुरू झाल्या किंवा श्वास लागला, तर काय करायचे, तेही लिहून ठेवलेले हवे आणि तो कागद तिच्या स्वतःच्या पर्समध्ये हवा. अपरात्री तिला कुठल्याही रुग्णालयात नेले, तरी तिथल्या अनोळखी भूलतज्ज्ञाला तिची पाठ आणि तिचा गळा त्या कागदावर सापडेल.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ठेंगणेपणाला पहिल्यांदा स्वतंत्र स्थान दिले. प्रौढपणी उंची चार फूट दहा इंच, म्हणजे १४७ सेंटिमीटर किंवा त्याहून कमी राहण्याची आनुवंशिक अवस्था, अशी त्याची व्याख्या आहे. १९९५ च्या जुन्या कायद्याच्या सात प्रकारांत ती नव्हती, नव्या एकवीस प्रकारांच्या यादीत आली. कायद्याने प्रमाणपत्र मिळते, नोकरीत जागा मिळते. प्रसूतिगृहात मात्र अजून तपासणीचे टेबल तिच्या छातीइतके उंच असते आणि चढायला ठेवलेली पायरी एकच. नर्स तिला काखेत हात घालून लहान मुलासारखी उचलते. दोन पायऱ्यांचे लाकडी स्टूल, खाली करता येणारी खाट, लहान मापाची रक्तदाबाची पट्टी, या वस्तूंना फार पैसे लागत नाहीत. त्या असल्या, की ती स्वतःच्या पायांनी टेबलावर चढते आणि आपल्या नावाने सही करते.

मराठीत ‘भूल’ या शब्दाला तीन अर्थ आहेत : मोहिनी, चूक आणि बधिरता. आमच्या विद्येने तिसरा अर्थ घेतला आणि दुसरा टाळण्यासाठी आकडे तयार केले. ते आकडे मी आयुष्यभर वापरले आणि तरुण भूलतज्ज्ञांनीही वापरावेत. फक्त ओपीडीत दाराची कडी ज्या बाईच्या डोक्याच्या वर आहे अशी कुणी आली, तर त्यांनी पुस्तकातला तक्ता बाजूला ठेवावा, स्टूल पुढे ओढून तिच्या डोळ्यांच्या पातळीवर बसावे आणि तिला पहिला प्रश्न विचारावा : ताई, रात्री उताण्या झोपता येते का?